‘अजून माहीत नाही’ म्हणणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई ढोबळ्यांकडे मी पहिल्यांदा गेले ती चिडून. बिघडलेला लॅपटॉप घेऊन तीन दुकानं पालथी घालून झाली होती. जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या पहिल्या दुकानदाराने सांगितलं, ग्राफिक्सची चिप गेली, बोर्ड बदलावा लागेल. दुसऱ्याने सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकून दिली. चौथ्या दिवशी दुखणं परत आलं. तिसऱ्याने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, “मैडम, नया ले लो.”

मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि आतली चित्रं करते. तेव्हा नर्मदाकाठच्या झाडांवरचं मुलांचं एक पुस्तक हातात होतं. चौसष्ट पानं, प्रत्येक पानावर एक झाड. पानं रंगवताना मध्येच स्क्रीन काळी व्हायची. तीन-चार सेकंदांनी परत यायची, कोपऱ्यात चिठ्ठी दिसायची की डिस्प्लेचा ड्रायव्हर बंद पडला होता, आणि तेवढ्यात चित्राचा प्रोग्रॅम मिटून गेलेला असायचा. अर्ध्या तासाची पानगळ. दिवसातून दहा-बारा वेळा. प्रकाशकांनी एकदा मुदत वाढवून दिली होती, दुसऱ्यांदा देणार नव्हते.

“ढोबळ्यांची कुमुद बघते म्हणे या मशिनी,” सासूबाई म्हणाल्या. “फॅक्टरीत होती ती. मदन महलला राहते, स्टेशनच्या मागे.”

मी गेले. दार उघडणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, सुती साडीच्या पदराला पिन लावलेल्या. कपाळावर एक चष्मा आणि डोळ्यांवर दुसरा. आत एका मोठ्या टेबलावर पांढरी चादर ताणून बसवलेली, तिच्यावर पेन्सिलीने काढलेली छोटी वर्तुळं, आणि प्रत्येक वर्तुळात एकेक स्क्रू. त्यांनी मला पाणी दिलं, बसवलं, आणि विचारलं, “काय होऊन राहिलं?”

“खराब झालाय,” मी म्हटलं.

“खराब झाला हे तुझं मत झालं. होते काय, ते सांग.”

“स्क्रीन काळी होते.”

“कधी?”

“कधीही.”

“कधीही असं नसते काही. तेव्हा तू काय करून राहिली असते?”

इथे माझा तोल सुटला. तिन्ही दुकानांत हेच ऐकलं होतं, की मॅडम, तुम्हीच काहीतरी करत असाल, मोठ्या फायली उघडत असाल. मी जरा तिखटपणेच म्हणाले, “माझी काही चूक नाहीये यात.”

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून कपाळावरचा खाली घेतला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “तुझी चूक नाही विचारून राहिली मी. तू काय करत होती ते विचारून राहिली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाई. चल, करून दाखव.”

म्हणजे खरोखरच त्यांनी मला तिथे बसवून माझं काम करायला लावलं. मी पळसाची पानं रंगवत बसले. त्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या, हात मांडीवर ठेवून. स्टेशनवरच्या घोषणा ऐकू येत होत्या. दीड तास काहीच झालं नाही. मला लाज वाटायला लागली, डॉक्टरकडे गेल्यावर नेमका ताप उतरलेला असावा तशी. आणि मग, पान मोठं करून बघायला गेले आणि स्क्रीन काळी झाली.

“आला!” कुमुदताई म्हणाल्या. घरी बरेच दिवस वाट पाहिलेला पाहुणा यावा, अशा आनंदाने.

मग त्यांनी मला ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगितलं. तोवर मी तो शब्द शिवीसारखा वापरत होते. “तुझा चित्राचा प्रोग्रॅम एक भाषा बोलते, चिप दुसरी. मधात दुभाषी लागते. तो ड्रायव्हर. आता तुझी सिस्टीम काय करते, तुला न विचारता नवा दुभाषी आणून बसवते. तो हुशार असते, पण या घरचा नसते.” जबलपूरच्या मराठी घरातल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. आम्ही सगळेच जन्मापासून कोणाचे ना कोणाचे दुभाषी.

तीन दिवस लॅपटॉप त्यांच्याकडे होता. पहिल्या दिवशी त्यांनी सिस्टीमने आणून बसवलेला ड्रायव्हर मुळापासून काढला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बनवणाऱ्यांनी त्याच मॉडेलसाठी दिलेला शोधून घातला. तिसऱ्या दिवशी काहीच केलं नाही, फक्त चालू ठेवून पाहिला. मी म्हटलं, सगळं एकदमच करून टाकायचं ना. तर म्हणाल्या, “एकदम चार गोष्टी बदलल्या आणि बरं झालं, तर कशानं झालं ते कोण सांगेल?” त्यांच्याकडे पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असे. प्रत्येक मशीनचा एक कागद. डावीकडे ‘काय बदललं’, उजवीकडे ‘काय झालं’. उजवीकडे बऱ्याचदा लिहिलेलं असायचं, ‘काही नाही’.

लॅपटॉप घरी आला आणि दिवसाला बाराच्या जागी एकदाच बंद पडायला लागला. मला स्वर्ग मिळाल्यासारखं झालं. मी फोन करून सांगितलं, ताई, फारच छान, आता दिवसातून एकदाच होतं.

त्यांनी कारणच विचारलं, “एकदा काहून?”

“असू द्या ना ताई. मला चालेल.”

“तुला चालेल. मला कळलं नाही ना अजून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या ऑटोने आमच्या विजय नगरच्या घरी हजर. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची लावून बसल्या. मी काम करत होते, त्या पेपर वाचत होत्या. दुपारी त्यांनी स्वतःचा डबा खाल्ला. सासूबाईंनी फार आग्रह केला तेव्हा लोणच्याची एक फोड घेतली. माझे सासरे, म्हणजे बाबा, दोनदा दाराशी येऊन गेले. रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. एक बाई दिवसभर येऊन नुसती बसली आहे, हे त्यांच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

चार वाजता पंख्याची गती किंचित मंदावली, दिवा डोळा मिचकावल्यासारखा झाला, आणि माझी स्क्रीन काळी पडली. मी “गेलं!” म्हणून ओरडले. कुमुदताई लॅपटॉपकडे आल्याच नाहीत. त्या उठून खिडकीशी गेल्या.

“मोटर कोणी लावली?”

बाबा मागच्या अंगणातून हात पुसत येत होते. “मी लावली. रोज चारला टाकी भरतो. काहून?”

“रोज बरोबर चारला?”

“मिनिटाचाही फरक नाही,” बाबा ताठ होऊन म्हणाले.

दोन महिने मी ज्या काळ्या स्क्रीनवरून रडत होते, तिच्यातली रोजची एक तरी माझ्या सासऱ्यांनी चार वाजता स्वतःच्या हाताने केलेली निघाली होती, आणि हे आता सगळ्यांदेखत सांगितलं जाणार होतं. पण कुमुदताई म्हणाल्या, “तुमच्या टायमिंगमुळं सापडला बघा हा. तुम्ही मनाला येईल तेव्हा मोटर लावत असते, तर मी महिनाभर इथं बसली असती.”

बाबांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. पुढचा अर्धा तास ते त्यांचे सहायक होते. “लावा,” म्हटलं की मोटर लावायची, “बंद” म्हटलं की बंद. झालं होतं असं, की मोटर सुरू होताना क्षणभर वीज खचायची, लॅपटॉप चार्जरवरून बॅटरीवर उडी मारायचा, त्या उडीत एका चिपवरून दुसऱ्या चिपवर जायचा, आणि दुभाषी मधल्या मध्ये गोंधळून गप्प व्हायचा. त्यांनी ती उडीच बंद करून टाकली. मग बाबांना पुन्हा तीनदा मोटर लावायला सांगितली. स्क्रीन तिन्ही वेळा जागची हलली नाही. चार्जरचं बटण इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला सांगून त्या चहा न घेताच निघाल्या, कारण आता उशीर झाला होता.

“म्हणजे झालं ना ताई आता?” मी फाटकापाशी विचारलं.

“एक कारण सापडलं. दुसरं असेल तर माहीत नाही अजून.”

दुसरं नव्हतं. पुस्तक वेळेत गेलं. पण तो ‘अजून’ त्या कधीच सोडत नसत. “कारण कळलं की अर्धं बरं वाटते,” असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. फॅक्टरीत त्या तपासणी विभागात होत्या. दुसऱ्यांनी घडवलेले भाग मोजायचे आणि चालेल की नाही ते सांगायचं. “तीस वर्षं मी लोकांना नाही म्हणत आली,” असं सांगून त्या हसत. त्यांच्या विभागात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्यांनी लावला. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. नागपूरला एक बहीण होती, तिचा रविवारी फोन यायचा. चहा नेहमी अर्धाच प्यायच्या, उरलेला गार झाला की तुळशीच्या शेजारच्या कुंडीत ओतायच्या आणि “झाडाला चालते, तुळशीला नको,” असं म्हणायच्या. लॅपटॉपच्या झाकणावर बोटाचे ठसे उमटलेले त्यांना खपत नसत. फोटोग्राफर, लग्नपत्रिका करणारे, कोचिंगवाले, सगळे त्यांना दीदी म्हणत. मी मधून मधून उगाचही जाऊ लागले.

असंच एकदा गेले होते तेव्हा त्यांचा फोन वाजला. पलीकडे एक मुलगी हुंदके देत होती, ते मलाही ऐकू येत होतं. पलक नावाची, आर्किटेक्चरला शेवटच्या वर्षाला होती. तिचा लॅपटॉप कुमुदताईंनी चार दिवसांपूर्वीच दुरुस्त करून दिला होता. त्याचंही दुखणं माझ्या लॅपटॉपसारखंच, ड्रायव्हरचं. सकाळी बाहेरच्या परीक्षकांसमोर तिने इमारतीचं मॉडेल उघडलं आणि स्क्रीन काळी झाली. पुन्हा उघडलं, पुन्हा काळी. तिसऱ्यांदा परीक्षकांनी हात वर करून थांबवलं आणि नावापुढे लिहिलं, सादरीकरण झालं नाही.

कुमुदताई ऐकत होत्या. मध्ये फक्त एकदा म्हणाल्या, “बेटा, मशीन बंद मत करना. मैं आ रही हूँ.” मग माझ्याकडे वळल्या. “तुझी स्कूटर आहे ना?”

कॉलेजात पोचलो. पलक जिन्यात बसली होती. कुमुदताईंनी लॅपटॉप तिथेच मांडीवर घेतला, दहा मिनिटं काहीतरी उघडून वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. तसा उतरलेला मी आधी पाहिला नव्हता. त्यांनी योग्य ड्रायव्हर घातला होता. पण सिस्टीमने आपल्या मनाने नवा आणून बसवू नये म्हणून जो एक खटका बंद करायचा असतो, तो बंद करायचा राहिला होता. आदल्या संध्याकाळी सहा वाजता सिस्टीमने परत तोच चुकीचा ड्रायव्हर आणून बसवला होता.

विभागप्रमुखांच्या दाराबाहेर आम्ही दोन तास बाकावर बसलो. मी म्हटलं, ताई, तुम्ही कशाला, तिच्या आईवडिलांना बोलवू. त्या म्हणाल्या, “त्यांनी काय केलं?”

शेवटी आत बोलावलं. विभागप्रमुख थकलेले दिसत होते. “मैडम, हर साल यही होता है. किसी का लैपटॉप, किसी का पेनड्राइव. बहाने सुन-सुनके हम भी—”

“बहाना नहीं है सर. गलती है. और लड़की की नहीं, मेरी है.” त्यांनी लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवून नोंद उघडली. “ये देखिए, ये मैंने डाला था. और ये कल शाम छह बजे अपने आप बदल गया. इसको रोकना मेरा काम था. मैंने नहीं रोका, और इससे कह दिया कि हो गया, ले जाओ.”

ते वाचत राहिले. मग विचारलं, “आप इस बच्ची की कौन लगती हैं?”

“कोई नहीं. मैंने मशीन देखी थी.”

परीक्षक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शहरात होते. विभागप्रमुखांनी त्यांना फोन लावला, बाहेर जाऊन बोलले, परत आले आणि म्हणाले, “कल सुबह दस बजे. बस पंद्रह मिनट.”

कुमुदताईंनी तिथेच लॅपटॉप ठीक केला, तो खटका बंद केला, आणि पलकला संपूर्ण मॉडेल दोनदा उघडून फिरवायला लावलं. दुसऱ्या सकाळीही त्या जाऊन बाहेर बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं. पलक पास झाली. गुण फार भारी नव्हते, पण पास झाली.

त्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून परत आणलं. घरी पोचल्यावर कुलूप उघडता उघडता थांबल्या. “बहिणीकडचे पाहुणे आले होते, तिला मशीन दिली त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो ना, घाईत राहून गेलं असेल. त्यांनी मान हलवली. “घाई नव्हती. पाहुणे होते, पण घाई नव्हती. पोरगी इतक्या आशेनं पाहून राहिली होती. तिला ‘झालं’ ऐकायचं होतं, आणि मला म्हणायचं होतं. कोणाला ‘झालं’ म्हणून सांगितलं की आपल्यालाही बरं वाटते. त्या बरं वाटण्यापायी झालं हे.”

तेव्हापासून त्या प्रत्येक मशीन एक दिवस जास्त ठेवून घेऊ लागल्या. लोक कुरकुरले. त्यांनी ऐकलं नाही.

त्यानंतर वर्षभराने असेल, मी समोर बसले होते आणि त्यांच्या हातातून एक स्क्रू निसटला. त्यांनी तो उचलला, पुन्हा निसटला. मी दुसरीकडे पाहिलं.

“पाहिलंस ना?” त्या म्हणाल्या. “मग पाहिलं म्हण.”

आणि गठ्ठ्यातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझ्या लॅपटॉपचा असायचा तसाच कागद, फक्त हा त्यांच्या डाव्या हाताचा होता. हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरतो. कप घ्यायला पुढे केला की थांबतो. चालताना डावा हात हलत नाही. अक्षर बारीक होत चाललं आहे. वर्षभरापासून फोडणीचा वास येत नाही. नेपियर टाउनमधल्या एका डॉक्टरांनी वयामुळे होतं म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या खाऊन काय झालं, तेही उजवीकडे लिहिलं होतं: ‘काही नाही’.

“मग दुसऱ्यांकडे गेली. त्यांनी कागद पूर्ण वाचला. मला चालवून पाहिलं. पार्किन्सन म्हणाले.”

जे सगळे बोलतात तेच मी बोलले. “आता औषधं खूप चांगली आहेत ताई.”

“आहेत. काही वर्षं हाताला धरून ठेवतील. कारण नाही काढत.” त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला, आणि या वेळी पूर्ण प्यायला. “कारण कळलं की अर्धं बरं वाटते, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आली. नाही वाटत गं. ते चुकीचं सांगत होती मी.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. माझ्या हाताखाली तो थरथरत राहिला, आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

नवीन मशिनी घेणं त्यांनी त्याच आठवड्यात बंद केलं. आलेल्या प्रत्येकाला खरं कारण सांगितलं आणि कोणाकडे जावं तेही सांगितलं. टेबलावरची एकेक मशीन परत गेली. शेवटी एकच राहिली, भेडाघाटच्या संतोषभैयाची. हा माणूस संगमरवराच्या जाळ्या करायचा. आधी नक्षी लॅपटॉपवर काढायची, मग कापायच्या मशीनला द्यायची. नक्षी गुंतागुंतीची झाली की लॅपटॉप ड्रायव्हरची तीच चिठ्ठी दाखवून मिटायचा. एका मंदिराची जाळी अडकून पडली होती.

“त्याला बघते म्हटलं होतं मी,” कुमुदताई म्हणाल्या. “ये, तुझे हात दे.”

“मला नाही येत ताई हे.”

“मला येते. तुझ्याजवळ हात आहेत.”

मग मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि त्या माझ्या. त्या सांगत होत्या, मी करत होते. तो स्क्रू सोड, छोटा आहे, जोर नको लावू. डावीकडची पट्टी वर, वर, नखानं. थांब. श्वास घे. संतोषभैया दाराशी उभा राहून बघत होता. पाऊण तासाने खालचं झाकण निघालं आणि आम्ही तिघं वाकून पाहू लागलो.

पंखा दिसतच नव्हता. पात्यांवर, फटींतून, तांब्याच्या नळीवर पांढरी भुकटी घट्ट बसली होती, बोट लावलं की रांगोळीसारखी चिमटीत येणारी. ड्रायव्हरचं काहीच नव्हतं. बिचारी चिप गुदमरून तापत होती, आणि शेवटी दुभाष्यावर आळ येत होता.

“भैया, लैपटॉप रखते कहाँ हो?”

“शेड में ही दीदी. कटिंग मशीन के बाजू में.”

“देखो, यही खा रहा है ये. पत्थर.”

संतोषभैया हसला. “दीदी, हम भी तो वही खा रहे हैं. बीस साल हो गए.”

त्याने ते गमतीनेच म्हटलं होतं. मीही हसले. कुमुदताई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि माझ्याशी त्या पहिल्या दिवशी ज्या आवाजात बोलल्या होत्या त्याच आवाजात विचारायला लागल्या. खोकला येतो का? कधी येतो? सकाळी की कामाच्या वेळी? चढ चढताना काय होतं? तोंडाला काय बांधतोस? तो उत्तरं देत गेला तसं त्याचं हसू कमी होत गेलं.

“मशीन दो दिन यहीं रहेगी,” शेवटी त्या म्हणाल्या. “तब तक छाती का एक्स-रे करा के आओ. रिपोर्ट लाओगे, तब मशीन मिलेगी.”

“दीदी, जाली का काम अटका है—”

“तो जल्दी कराओ.”

तो गेल्यावर मी म्हटलं, ताई, साफ तर आजच होईल, दोन दिवस कशाला? त्या म्हणाल्या, “आज दिली तर तो जाईल का डॉक्टरकडे?”

मी पंखा ब्रशने साफ केला, चिपची उष्णता बाहेर नेणारा, पण आता वाळून खडू झालेला लेप खरवडला, त्यांनी सांगितला तेवढाच नवा लावला. तिसऱ्या दिवशी संतोषभैया मोठं पाकीट घेऊन आला. डॉक्टरांना छातीत तेव्हा काही वाईट दिसलं नव्हतं, पण त्यांनी चांगलंच दटावलं होतं. शेडमध्ये पाण्याची धार सोडून कापायचं, तोंडावर धुळीचा मास्क बांधायचा, दरवर्षी येऊन तपासायचं. कुमुदताईंनी तो कागद दोनदा वाचला. मग त्याच्यासमोर लॅपटॉपवर मंदिराची सबंध जाळी उघडली. वेलीवर वेल, फुलात फूल. त्या ती हळूहळू फिरवत राहिल्या. उजव्या हाताने. बराच वेळ फिरवली. आम्हाला दाखवायला नव्हे, त्यांनाच ती बघायची होती असं मला वाटलं.

त्या दिवाळीआधी त्या नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. तिथून फोन यायचे. पुढे पुढे आवाज इतका हळू झाला की बहीणच मधे धरून सांगायची. दोन हिवाळ्यांनंतर त्या गेल्या. आम्हाला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. बाबा त्या दिवशी बराच वेळ अंगणात नुसते उभे होते.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या नागपूरला जायच्या आधीच्या आठवड्यात. मी स्कूटरवरून मदन महलच्या रस्त्याने येत होते. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. भाजीच्या गाड्यांपलीकडे त्या एकट्या चालल्या होत्या, हातात काठी. बघता बघता मध्येच थांबल्या. समोर काहीच नव्हतं, सपाट रस्ता होता. पण पाऊल उचलेना. या आजारात पाय असा जागच्या जागी खिळतो, हे मला ठाऊक होतं. लोक त्यांना वळसा घालून जात होते. एका ऑटोवाल्याने हॉर्न दिला. मी स्कूटर कडेला लावली आणि उतरणार, एवढ्यात त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. घाबरून नाही, निरखून. मग हातातली काठी हळूच आडवी केली, तिचं टोक आपल्याच पावलापुढे जमिनीवर टेकवलं, आणि उंबरा ओलांडावा तसा पाय उंच उचलून काठी ओलांडली. पाऊल सुटलं. दुसरं त्याच्यामागून आलं. चार पावलं गेल्यावर पुन्हा थांबल्या, पुन्हा काठी आडवी केली, पुन्हा ओलांडली.

मी हाक मारली नाही. स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून उभी राहिले. त्या वळणापर्यंत तशाच गेल्या, आणि तिथून रस्ता उताराला लागतो तिथे दिसेनाशा झाल्या.